बोर्डिंगच्या स्वयंपाकिणीची राणी

पुणतांबा, १४ ऑगस्ट १९४४

रेव्हरंड गिदोन योहान साळवे, मुक्काम पारनेर, यांस,

पत्राच्या डोक्यावर 'प्रभूमध्ये सलाम' लिहायची आपल्या लोकांची रीत आहे. आज ती मी मुद्दाम मोडते आहे. सलाम घालावा असं काल तू काही केलं नाहीस.

उपासना संपल्यावर सगळ्या मंडळीसमोर खिशातून कागद काढलास आणि सख्ख्या आईविरुद्धचा ठराव वाचलास. "मरिया योहान साळवे या बाईने घरात मूर्ती ठेवून तिला नवस केल्याचे सिद्ध झाले आहे. सबब, ती मूर्ती स्वतःच्या हाताने फोडीपर्यंत तिला प्रभुभोजनास बसता येणार नाही." या बाईने! ती बाई पुढच्याच सतरंजीवर बसली होती. वाचताना तू खिडकीकडे बघत होतास. खिडकीत काय होतं, सहादेव पाटलांचा बैल?

आपल्या मंडळीला कायमचा पाळक नाही. तीन महिन्यांनी कुणीतरी बाहेरून येतो आणि प्रभुभोजनाची भाकरी नि द्राक्षाचा रस देऊन जातो. या कामाला मंडळ्यांच्या पंचांना कुणालाही पाठवता आलं असतं. तू ते स्वतः मागून घेतलंस, हे मला कळलं आहे. पाळकानं आईची गय केली असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी! तुझ्या नावाला डाग नको. आईच्या नावाचं काय वाटेल ते होवो.

मूर्ती म्हणजे काय वस्तू आहे, हे पंचांना तू सांगितलं नसशीलच. म्हणून मी लिहिते. हे पत्र त्यांनाही दाखव. वीतभर उंचीची, प्लास्टरची, वरून पितळी रंग दिलेली बाई आहे. गणपती काढतात तशी साच्यातून काढलेली. नाकाचा टवका उडालाय, तिथं आतला पांढरा चुना दिसतो. नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात आई स्वयंपाकाला होती, तेव्हा ही मिस पार्करच्या टेबलावर असायची. मिसबाईंनी ती विलायतेतल्या कुठल्याशा संग्रहालयाबाहेर विकत घेतली होती. मूळ मोठं शिल्प आत, ही त्याची नक्कल. मिसर देशावर राज्य करणारी ग्रीक राणी, बेरेनिके तिचं नाव. बायबलातली बर्णीका वेगळी, ही तिच्याही पुष्कळ आधीची. आई रोज हिच्यावरची धूळ पुसायची. एकदा तिनं विचारलं, ही कोण? मिसबाईंनी गोष्ट सांगितली. नवरा लढाईवर गेला, तेव्हा राणीनं बोलून ठेवलं की तो सुखरूप आला तर माझे केस देईन. तो आला, तिनं केस दिले. मिसबाई कायमच्या विलायतेला निघाल्या, तेव्हा मास्तरणींना त्यांनी घड्याळं आणि पुस्तकं वाटली आणि आईला ही राणी दिली. तू तेव्हा पाळक व्हायला सेमिनरीत शिकत होतास. आपल्या आईला मिसबाईंनी भेट दिली, म्हणून चार जणांना सांगत फिरला होतास. आता तीच भेट सैतानाची झाली.

आईनं जूनमध्ये वेणी कापली आणि राणीपुढं कोनाड्यात ठेवली, हे खरं आहे. मी शाळेतून आले तर आईच्या डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला. कुणासाठी, म्हणून मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? आपला यशया लष्करी इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून सिंगापूरला गेला आणि तिथंच जपान्यांच्या हाती सापडला. रेडक्रॉसचं एक कार्ड आलं, त्यानंतर अक्षर नाही. घरात एकच पोरगा लढाईवर आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. आईचा हिशेब राणीपेक्षा उलटा, इतकंच. आधी द्यायचं, मग मागायचं.

छबूबाईनं ती वेणी पाहिली आणि तुला कळवलं. बायबल शिकवायला घरोघर फिरते आणि घरोघरच्या चुगल्या गोळा करते. पण तिला काय बोलायचं? ती परकी आहे.

मूर्ती फुटणार नाही. यशया घरी आल्याशिवाय आई तिला हात लावू देणार नाही आणि मीही लावणार नाही.

दया


पुणतांबा, १३ नोव्हेंबर १९४४

गिदोन,

तुझं पत्र मिळालं. 'श्रीमती दयाबाई' वाचून हसू आलं. शेंबूड पुसून तुला शाळेत नेणारी मी आता दयाबाई झाले! सोबतचं मूर्तिपूजेवरचं चोपडं चुलीच्या कामी आलं.

कालच्या तुझ्या प्रवचनाबद्दल बोलायचं आहे. आजोबांनी ख्रिस्ती होताना देवघरातले टाक फोडले, असं तू छाती फुगवून सांगितलंस. आजोबांनी काही फोडलं नव्हतं. देवांचे ते चांदीचे पत्रे त्यांनी फडक्यात बांधले, घाटावर नेले, पाया पडले आणि गोदावरीत सोडले. घरी आल्यावर दिवसभर जेवले नाहीत. हे आजीनं मला सांगितलंय आणि तूही माझ्या शेजारी बसून ऐकलंयस. व्यासपीठावरून खोटं बोलायला कोणत्या ठरावाची परवानगी लागते?

भाकरीचं ताट आईपर्यंत आलं आणि छबूबाईनं ते तिच्या डोक्यावरून पलीकडे दिलं. आईनं हात मांडीवर ठेवले होते, ते हलले नाहीत. तू ते पाहिलंस. या वेळी खिडकीकडे बघितलं नाहीस, पाहिलंस.

मग संध्याकाळी दारात आलास. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. पायात बूट तसेच.

"आई, फोडली का?"

"न्हाई रे. आत तरी ये. हुलग्याची शेंगोळी केलीया."

"पुढच्या वेळी विचारीन."

"पानी तरी पिऊन जा की."

तू गेलास. वळूनसुद्धा बघितलं नाहीस. तुझ्या वाटची शेंगोळी आईनं झाकून ठेवली, ती सकाळी आंबली. वाईट मला शेंगोळीचं वाटलं, तुझं नाही.

यशयाची काही खबर नाही. आई बरी आहे.

दया


पुणतांबा, १४ मे १९४५

गिदोन,

काल मी तुला दारातून चालता हो म्हटलं, त्याबद्दल माफी मागावी असं तू चिठ्ठीत लिहून ठेवलंस. मागणार नाही. उलट आज घरात तुझ्यापायी मलाच बोलणी बसली. "पाळक झाला म्हून काय झालं, एवढ्या उनातून आलंय पोरगं, अन् तू त्याच्या अंगावर जातीस!" आई दिवसभर माझ्याशी नीट बोलली नाही. तू तिला प्रभूच्या ताटावरून उठवायचंस आणि तुझ्यासाठी तिनं मला दटावायचं, असा न्याय चाललाय आमच्या घरात.

फेब्रुवारीत आलास तेव्हाही तेच, काल तेच. फोडली का? न्हाई. पुढच्या वेळी विचारीन. एखाद्याला हे पाठ झालं असतं. आईला मात्र कंटाळा नाही. शनिवारपासूनच अंगण सारवायला घेते. काल तर खोकत खोकत सारवलं. खोकला उन्हाळ्याचा आहे, जाईल.

माझ्या शाळेच्या सुपरिंटेंडेंटनी मला नगरला बोलावलं होतं. मिशनच्या शाळेतल्या शिक्षिकेच्या घरात असली वस्तू शोभत नाही म्हणाले. हे तुझंच काम असणार. मी म्हटलं, वस्तू मिशनच्याच मडमेनं दिली आहे, तिला आधी काढा. नोकरी अजून आहे. किती दिवस राहील ते तू ठरव.

छबूबाईनं तुला आणखी एक कळवलं असेल, म्हणून सांगते. सहादेव पाटलांची राहीबाई चैत्रात हळदीकुंकू घेऊन राणीपुढं आली होती. आईनं तिचा हात धरला. "बाई, ही देवी न्हाई, रानी हाय. हिला कुंकू लावू नगंस." राहीबाई म्हणाली, "मग तुमी केस कशापायी वाहिले?" आई म्हणाली, "वाहिले न्हाईत. तिला दावले. तिनं बी दिलं हुतं ना, तिला ठाव हाय." आता यात मूर्तिपूजा किती आणि काय, ते तुमच्या सेमिनरीत बसून ठरवा.

एवढं लिहिलंच आहे, तर पोटातलंही लिहिते. तुझ्या पाळकपणाच्या दीक्षाविधीच्या दिवशी सगळे पाहुणे मांडवात बसले होते. तुझ्या बायकोचे, एलिझाबेथचे वडील हायस्कुलात मास्तर, त्यांचे सगेसोयरे खुर्च्यांवर. आई नवं लुगडं नेसून आली होती. तू तिच्या कानाशी येऊन म्हणालास, "आई, तू आत स्वयंपाकघरात असलीस तर बरं, तिकडं गडबड उडालीय." तुझ्या डोक्यावर हात ठेवला जात होता, तेव्हा ती पुऱ्या लाटत होती. बोर्डिंगच्या स्वयंपाकिणीचा मुलगा, असं तुला कुणी म्हणायला नको होतं. त्यानंतर तू घरी यायचंच बंद केलंस. सणाला नाही, आई तापानं फणफणली तेव्हा नाही. या घराचं दार तुला पुन्हा सापडलं ते ठराव वाचायचा होता तेव्हा. मी हे कधी बोलले नव्हते, कारण आई म्हणायची, त्याला कामं लई असत्यात.

दया


पुणतांबा, ३ डिसेंबर १९४५

गिदोन,

यशया आला. तुला ठाऊकच आहे, नगर स्टेशनावर तू त्याला भेटलास. तिथून पुणतांब्यापर्यंत सोबत यायला मात्र तुला जमलं नाही. बरगड्या मोजून घ्याव्यात असा झालाय आणि रात्री झोपेत कुणालातरी 'उठतो, उठतो' म्हणतो. पण आलाय. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, त्याला जेवायला घातलं, मग एकटीच मागच्या अंगणात जाऊन बसली. मला वाटलं आनंदानं रडत असेल. रडत नव्हती, नुसती बसली होती.

गावानं तर राणीला डोक्यावर घेतलं. बायका बघायला येतात. आई सगळ्यांना हाकलून देते.

तुझं पत्र परवा आलं. यशया परत आला, आता त्या वस्तूचं काम संपलं, आईनं ती फोडावी, मी फेब्रुवारीत स्वतःच्या हातानं तिला भाकरी देईन. वाचून पहिल्यांदा मला तुझं म्हणणं पटलं. लिहितानाही दात आवळले जातायत, पण पटलं. मी कोनाड्यातून राणी काढली, वरवंटा आणला आणि आईसमोर ठेवला.

"आई, यशया आला. फोड आता, अन् मोकळी हो."

"ठिव ती जागेवर."

"अगं, पण नवस फिटला ना!"

"ठिव म्हनते ना."

यशयानंही समजावलं. "आई, मी आलोय न्हवं? आता कशाला पाहिजे ती?" तिनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं काही तो बोलला त्याचा याच्याशी संबंधच नाही. मग राणी पदरात गुंडाळून उशाखाली ठेवली. मी खूप बोलले. तुला बोलते त्याहून वाईट बोलले. म्हातारचळ लागला म्हणाले, तुझ्या हट्टापायी माझी नोकरी जाईल म्हणाले. ती ऐकत राहिली आणि खोकत राहिली.

तेव्हा मूर्ती शाबूत आहे. यात माझा दोष नाही, पण तू खूश होऊ नकोस. तुझा ठराव बरोबर होता असं मी आजही म्हणणार नाही.

दया


पुणतांबा, १२ फेब्रुवारी १९४६

गिदोन,

परवा तू आला नाहीस. दुसऱ्याच पाळकांना पाठवलंस. सांगून काही उपयोग होत नाही, म्हणून आता या घराशी मला कर्तव्य नाही, असा निरोप दिलास. निरोप त्यांनी दारात उभं राहून आईला सांगितला. ती उठून बसली होती. वेणी नसलेल्या डोक्यावर पदर नीट घेतला होता. तिनं त्यांच्या खांद्यावरून पलीकडं रस्त्यावर बघितलं आणि विचारलं, "गिदोन मागं ऱ्हायला का?"

आता खरं लिहिते. आई बरी नाही. गेल्या उन्हाळ्यापासून बरी नाही. तो खोकला उन्हाळ्याचा नव्हता. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचं सांगितलंय. तुला कळवलं नाही, कारण आईच्या दुखण्याचं नाव सांगून तुझ्यापुढं पदर पसरावा, हे मला जमलं नाही. आज जमवते आहे. ती परवापासून अंथरुणातून उठलेली नाही. खात नाही. दाराकडं तोंड करून पडते.

प्रभुभोजन हवं म्हणते. तुझ्याच हातून. ठराव तू केलास, तूच तो बाजूला ठेवू शकतोस. पंचांना विचारत बसू नकोस. पारनेरहून नगर, नगरहून आगगाडी, एका दिवसात पोचशील. मी तुला एक शब्द बोलणार नाही. घराबाहेर राहा म्हणालास तर बाहेर राहीन.

ये.

दया


पुणतांबा, २१ मार्च १९४६

गिदोन,

आई शुक्रवारी पहाटे गेली. तार केली नाही. तुझं उत्तर आल्यावर तार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तुझं ते उत्तर मी तिला वाचून दाखवलं नाही. 'नियम आईसाठी मोडला, तर उद्या मंडळीला कोणत्या तोंडाने सांगू? मूर्ती फोडल्याचे कळव, त्याच दिवशी निघतो.' ठीक. मी ठरवलं, आपणच फोडायची. तुला यायला एवढंच लागतं ना! तिच्या उशाखालून राणी काढली. ती झोपलीय असं वाटलं होतं. तिनं माझं मनगट धरलं. अंगात ताकद नव्हती, तरी सोडेना.

मी रडायला लागले. म्हटलं, "आई, फोडल्याबिगर तो येत नाही गं! यशया आलाय, अजून कशासाठी ही धरून बसलीस?"

मग ती बोलली. जसं बोलली तसंच लिहिते, एक शब्द इकडचा तिकडे करत नाही.

"यशयासाठी कवा केस कापले मी? त्याला सरकारनं नेलं, सरकार आनून देईल, न्हाईतर देव बघंल. त्याच्या जान्याचं पाप माझ्याकडं न्हवतं. मी गिदोनसाठी कापले. माझं पोरगं दोन गावांपल्याड राहून घरी येत न्हवतं. अन् बघ, कापले अन् दोन म्हयन्यांत आला."

मी म्हटलं, "आई, तो तुला मंडळीतून काढायला आला होता."

"आला न्हवं का पर? तवापास्नं दर तीन म्हयन्यांनी येतोय. दारात हुबा ऱ्हातो, मला आई म्हनतो. ही फोडली की त्याचं काम झालं. मग तो कशाला येतोय हिकडं?"

गिदोन, आईनं दीड वर्षं प्रभूचं ताट डोक्यावरून जाऊ दिलं, ते तू तिला 'फोडली का' म्हणून विचारायला यावंस म्हणून. मी तिला म्हातारचळ म्हटलं होतं. तू तिला मूर्तिपूजक म्हटलंस. आणि मग, तिला तुझ्याकडून जेवढं मिळत होतं तेवढंही, दुसऱ्या पाळकाच्या हाती निरोप देऊन काढून घेतलंस. तुझा मला इतका संताप आला आहे की हे पत्र मी तीनदा फाडलं.

गुरुवारी रात्री तिनं पुन्हा भाकरी मागितली. घरात ज्वारीची होती. मी प्रार्थना केली, तुकडा मोडला आणि तिच्या तोंडात घातला. द्राक्षाचा रस कुठून आणू? पाण्यात गूळ कालवून पाजला. यशया आणि छबूबाई दोघं तिथं होते. हो, छबूबाई. तिनं डोळे मिटून आमेन म्हटलं आणि मग पदर तोंडात कोंबून रडली. बाईमाणसानं, दीक्षा न घेतलेल्या शिक्षिकेनं, मंडळीबाहेरच्या बाईला प्रभुभोजन दिलं. एवढं मोठं पाप आपल्या घराण्यात आजवर कुणी केलं नसेल. विचारतील त्यांना मी ते तोंडानं कबूल करीन.

आईला सहादेव पाटलांच्या गाडीतून नेलं. पाळक नव्हता. मीच स्तोत्र वाचलं.

आता राहिली राणी. यशया म्हणत होता, आईबरोबर पुरू या. मी नाही म्हटलं. ती माझ्या खोलीत, माझ्या टेबलावर ठेवली आहे आणि काल शाळा सुटल्यावर मी कात्रीनं माझी वेणी कापून तिच्यापुढं ठेवली. छबूबाईला बोलावून दाखवलीसुद्धा, म्हणजे तुला बातमी नक्की पोचेल. मी मूर्ती फोडणार नाही. पंचांना कळव, ठराव लिही, दया योहान साळवे या बाईचं नाव काढून टाक. पण दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. तो ठराव वाचायला तू स्वतः यायचंस.

दया